एक दाब, तीन गोळ्या

वाचकाचे पत्र, थोडक्यात : वडोदऱ्यातील एक तिशीतले वाचक मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करतात. दर रविवारी नातेवाईक आणि मित्र मिळून शहराबाहेरच्या मैदानावर पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ, खेळतात. वर्षापूर्वी त्यांनी गटातल्याच एकाकडून वापरलेला इलेक्ट्रॉनिक मार्कर, म्हणजे त्या गोळ्या सोडणारी बंदूक, विकत घेतला. त्यांच्या आतेभावाने, म्हणजे गटातल्या सर्वात जुन्या खेळाडूने, त्याचा डीबाउन्स (एका दाबानंतर पुढचा दाब मोजण्याआधी मार्करने किती थांबावे ते ठरवणारे सेटिंग) सर्वात खालच्या आकड्यावर आणून दिला आणि ‘आता खरा मार्कर झाला’ असे सांगितले. गेल्या काही महिन्यांपासून एका दाबात कधी दोन, कधी तीन गोळ्या सुटतात. मागच्या महिन्यात त्यांच्या सतरा वर्षांच्या भाचीला जवळून तीन गोळ्या लागल्या आणि तेव्हापासून ती खेळायला आलेली नाही. गटातील काही जण त्यांना उघडपणे लबाड म्हणू लागले आहेत. वाचकांनी डीबाउन्स थेट सर्वात वरच्या आकड्यावर नेला, तर आता भराभर दाबल्यास काही दाब वायाच जातात आणि आतेभाऊ म्हणतो की ट्रिगर मारून टाकलास. ते विचारतात : योग्य आकडा कोणता? आजवर आपण खेळलो ती फसवणूक होती का? आणि आतेभावाला, म्हणजे दादाला, दुखावल्याशिवाय हे कसे सांगावे?

नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत, पण त्यांच्या तळाशी एकच गृहीतक दिसते : बिघाड त्या आकड्यात आहे आणि नेमका आकडा सापडला की गोळ्या, गट आणि दादा सगळे एकदम ताळ्यावर येतील. तुम्ही देखभालीचे काम करता. कारखान्यात एखादे यंत्र चुकीचे वागू लागले तर तुम्ही सेन्सरची संवेदनशीलता कमी करून मोकळे होत नाही. ते असे का वागते ते आधी पाहता. मार्करच्या बाबतीत मात्र तुम्ही आणि तुमचे दादा दोघेही थेट शेवटच्या पायरीवर पोहोचलात. फरक इतकाच, की ते एका टोकाला गेले आणि तुम्ही दुसऱ्या.

इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये ट्रिगरचा गोळीशी प्रत्यक्ष संबंध नसतो. ट्रिगर एक छोटा मायक्रोस्विच दाबतो, सर्किट बोर्डावरचा प्रोसेसर तो दाब वाचतो आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या, झडपेला हवा सोडण्याची आज्ञा देतो. मायक्रोस्विचमधील धातूचे संपर्क एकमेकांना भिडतात तेव्हा ते एका झटक्यात चिकटून राहत नाहीत. फरशीवर पडलेली स्टीलची वाटी स्थिरावण्याआधी जशी थरथरत राहते, तसे तेही जुळतात, सुटतात आणि पुन्हा जुळतात. यालाच बाउन्स म्हणतात. हा खेळ काही मिलिसेकंदांतच संपतो, त्यामुळे बोटाला तो कधीच जाणवत नाही. प्रोसेसर मात्र त्या स्विचकडे सेकंदाला हजारो वेळा पाहत असतो आणि त्याच्या लेखी ही प्रत्येक थरथर म्हणजे नवा दाब असू शकते. स्विच जुना झाला, संपर्क झिजले किंवा त्यात रंगाचा चिकट थर गेला की ही थरथर लांबते.

डीबाउन्स म्हणजे प्रोसेसरला शिकवलेला संयम. बोर्डाबोर्डानुसार तपशील बदलतात, पण सर्वसाधारण रीत अशी असते : पहिला दाब मिळाला की, किंवा तो क्षणभर टिकला की, गोळी सुटते, त्यानंतर ट्रिगर खरोखर सुटला असे मानण्यासाठी संपर्क ठरावीक काळ सलग उघडा राहावा लागतो. त्या काळात तो क्षणभर जरी पुन्हा जुळला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि ‘सुटला’ अशी खात्री झाल्याशिवाय पुढचा दाब मोजला जात नाही. हा काळ फार कमी ठेवला तर संपर्कांची थरथरही खरा दाब म्हणून मोजली जाते, आणि फार वाढवला तर तुमचे खरे सोडणेही थरथर समजून टाकून दिले जाते. तुम्ही गेल्या काही महिन्यांत ही दोन्ही टोके पाहिली आहेत.

म्हणूनच ‘योग्य आकडा कोणता’ या प्रश्नाला मी थेट उत्तर देऊ शकत नाही. काही बोर्डांवर हा आकडा खरोखर मिलिसेकंदांचा असतो, काहींवर तो केवळ पायरीचा क्रमांक असतो, आणि काही बोर्डांवर दाबण्यासाठी व सोडण्यासाठी वेगवेगळे आकडे असतात. तुमच्या मित्राच्या मार्करवरचा ३ आणि तुमच्या मार्करवरचा ३ यांत काही नाते असेलच असे नाही. बोर्डाची पुस्तिका बहुतेक निर्मात्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ती वाचण्यात जी अर्धी दुपार जाईल, ती मैदानावरच्या कितीतरी वादांपेक्षा स्वस्त पडेल.

आता दादांच्या म्हणण्याकडे वळू, कारण ते पूर्ण चुकीचे नाही आणि म्हणूनच ते खोडणे अवघड जाते. डीबाउन्स वाढवला की मार्कर मंद होतो, असे ते म्हणतात. हिशेब करून पाहा. दोन बोटे आळीपाळीने चालवणारा चांगल्या सरावाचा खेळाडू सेकंदाला १० ते १२ दाब देतो असे धरू. म्हणजे एका दाबाला साधारण ८० ते १०० मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातला निम्मा वेळ ट्रिगर दाबलेला, निम्मा सुटलेला, असे मानले तर सुटलेल्या अवस्थेसाठी ४० मिलिसेकंदांच्या आसपास हाती राहतात. ५ काय, १० मिलिसेकंदांचा डीबाउन्सही त्यात सहज मावतो. तेव्हा मधल्या पायऱ्यांवर वेग कमी होतो हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. खालच्या आकड्यावर मार्कर ‘जलद’ वाटतो, कारण तो तुम्ही न दिलेले दाबही मोजत असतो.

पण हा हिशेब ‘निम्मा वेळ सुटलेला’ या गृहीतकावर उभा आहे, आणि तुमच्या मार्करची खरी गोम मला तिथेच दिसते. हौशी लोक ट्रिगरचा प्रवास अगदी केसाएवढा करून ठेवतात. पुढचा स्क्रू इतका आत घेतात की ट्रिगर सुटला तरी स्विचपासून जेमतेम दूर जातो, आणि स्प्रिंग किंवा चुंबक इतके सैल ठेवतात की बोट परतले तरी ट्रिगर रेंगाळत राहतो. अशा मांडणीत भराभर दाबताना संपर्क उघडा राहण्याचा काळ चाळीसवरून दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येऊ शकतो, आणि मग मोठ्या डीबाउन्सला तुमचे खरे सोडणे दिसतच नाही. खालच्या टोकाला एका दाबात दोन गोळ्या जातात आणि वरच्या टोकाला दाब हरवतात, असे दोन्ही एकाच मार्करवर घडत असेल तर मला बोर्डापेक्षा ट्रिगरच्या स्क्रूंचा संशय जास्त येतो. श्वास लागला तरी गोळी सुटावी इतक्या हलक्या ट्रिगरची ही हौस मला कधीच पटलेली नाही. तिच्यात कौशल्य कमी आणि मिरवणे जास्त असते.

आणखी एक कारण आहे, जे डीबाउन्सच्या आवाक्यात नीटसे येतच नाही. गोळी सुटताना गोळीला नळीत ढकलणारा आतला बोल्ट पुढे-मागे होतो, हवा बाहेर पडते आणि मार्कर हातात झटका देतो. तुम्ही तो सैल धरला असेल, बोट ट्रिगरवर अर्धवट टेकलेले असेल, तर बोट जागच्या जागी राहते आणि मार्करच मागे-पुढे सरकून ट्रिगर बोटावर पुन्हा आपटवतो. हा संपर्कांचा बाउन्स नाही, संपूर्ण ट्रिगरचा बाउन्स आहे. तो गोळी सुटण्याच्या पूर्ण चक्राइतका लांब चालतो, म्हणजे संपर्कांच्या थरथरीच्या कितीतरी पट. त्याला केवळ डीबाउन्सने आवरायचे म्हटले तर आकडा इतका वर न्यावा लागतो की खरे दाबही गिळले जातात. काही बोर्डांवर या यांत्रिक बाउन्ससाठी वेगळी सोय असते. ज्यांवर नसते, तिथे उपाय स्प्रिंगमध्ये आणि पकडीत शोधावा लागतो. स्विच बदलून त्या जागी प्रकाशकिरण तुटण्यावर चालणारा संवेदक बसवला की सगळे बाउन्स संपतात असा एक समज आहे, तोही इथे कोसळतो. तशा संवेदकात धातूचे संपर्क नसल्याने पहिल्या प्रकारचा बाउन्स जातो, दुसऱ्या प्रकारचा तसाच राहतो.

तेव्हा येत्या रविवारी खेळण्याआधी शांतपणे निदान करा, आणि ते करताना चष्मा नव्हे, पूर्ण मास्क लावा व नळीवर आवरण चढवा. सर्वात आधी बोर्डाचा मोड पाहा. वापरलेल्या मार्करमध्ये आधीच्या मालकाने रॅम्पिंग चालू ठेवलेले असणे अगदी शक्य आहे. त्यात ठरावीक वेगाने दाब दिले की बोर्ड स्वतःहून जास्त गोळ्या सोडतो, आणि मग डीबाउन्स कितीही फिरवला तरी काही फरक पडत नाही. मोड ‘सेमी’, म्हणजे एका दाबाला एक गोळी, असल्याची खात्री करा. त्यानंतर आठवून पाहा, की तीन गोळ्या सुटल्या तेव्हा आवाज किती आले होते. आवाज एक आणि गोळ्या दोन असतील, त्याही मंद गतीने किंवा नळीतच फुटून, तर ब्रीचमध्ये, म्हणजे नळीमागच्या गोळी बसण्याच्या जागेत, गोळी अडवणारे डिटेन्ट झिजले आहेत आणि ट्रिगरचा यात काही दोष नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत जिलेटिनच्या कवचाच्या गोळ्या फुगतात आणि मऊ पडतात, तेव्हा असे घोटाळे वाढतात. उघड्या पाकिटातल्या जुन्या गोळ्या तपासणीसाठी वापरू नका.

आवाजही दोन-तीन आले असतील तर पुढे चला. नवी बॅटरी घाला, कारण उतरलेल्या बॅटरीवर बोर्ड कसेही वागतो आणि तुमचे सगळे निष्कर्ष फुकट जातात. लोडर, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढा, ब्रीचमध्ये गोळी उरली नाही हे पाहा, हवेची टाकी काढून मार्करमधला दाब मोकळा करा आणि गोळी ओळखणारे आय्ज तात्पुरते बंद करा. आता ट्रिगर अतिशय सावकाश, जवळजवळ न हलल्यासारखा दाबत न्या आणि झडपेची टिचकी ऐका. झटका देणारी हवाच नसताना एका दाबात दोन टिचक्या येत असतील तर दोष स्विचचा आहे किंवा डीबाउन्स फार कमी आहे. टिचकी प्रत्येक वेळी एकच येत असेल, पण टाकी जोडून, मार्कर एका हाताने सैल धरून तेच केल्यावर दोन आवाज येत असतील, तर दोष झटक्याचा आणि ट्रिगरच्या मांडणीचा आहे. पंचही मार्कर असाच सैल धरून, असाच सावकाश दाबून तपासतात, कारण घट्ट पकडीत आणि झटकन दिलेल्या दाबात बाउन्स लपून राहतो. तपासणी संपली की आय्ज पुन्हा चालू करायला विसरू नका. नाहीतर गोळी अर्धवट आत आलेली असतानाच बोल्ट तिला चिरडेल.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाला ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारे उपकरण, हाताळता येत असेल तर याहून चांगले काही नाही. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेच्या परंपरेत वाढलेल्या या शहरात असा माणूस मिळणे कठीण जाऊ नये. स्विचच्या दोन टोकांवर प्रोब लावून एकेक दाब पडद्यावर पकडा. पंधरा-वीस दाबांत सर्वात लांब चाललेली थरथर कोणती ते पाहा. सरासरी पाहू नका. मैदानावर घात करतो तो सर्वात वाईट दाब.

दुरुस्तीचा क्रम मला असा योग्य वाटतो. ट्रिगरची चौकट उघडून वाळलेला रंग साफ करा. स्विच जुना असेल तर तो बदला. तो स्वस्तातला भाग आहे आणि डाग देणाऱ्या कोणालाही अर्ध्या तासात बसवता येतो. मग अ‍ॅलन की घेऊन ट्रिगरला पुढच्या बाजूने थोडा मोकळा प्रवास द्या, म्हणजे सुटल्यावर तो स्विचपासून स्पष्ट दूर जाईल. परतवणारी स्प्रिंग थोडी कडक करा किंवा चुंबक जवळ आणा. मागचा स्क्रू मात्र फार घट्ट करू नका. गोळी सुटल्यानंतर ट्रिगरला मागे अजिबात जागा नसेल तर झटक्याच्या वेळी तो स्विचच्या अगदी काठावरच नाचत राहतो. हे सगळे झाल्यावर डीबाउन्स. सर्वात खालून सुरुवात करा, सावकाश आणि सैल पकडीची तपासणी करत एकेक पायरी वाढवा, दुसरा आवाज पूर्ण थांबला की तिथून आणखी एक-दोन पायऱ्या वर जा आणि तिथे थांबा. मग भराभर दाबून पाहा. दाब हरवत असतील तर आकडा खाली आणू नका, ट्रिगरचा प्रवास आणखी थोडा वाढवा. या सगळ्यात ड्वेल नावाच्या सेटिंगला हात लावू नका. ते झडप किती वेळ उघडी राहावी हे ठरवते आणि त्याचा बाउन्सशी संबंध नाही, पण ते बदलले तर गोळीचा वेग बदलतो.

गटातील कोणी सेकंदाला किती गोळ्या सुटाव्यात यावर बोर्डातून कमाल मर्यादा घालण्याचा सल्ला देईल. मर्यादा असावीच, पण तिने बाउन्स बरा होत नाही. नको असलेली दुसरी गोळी थोडी उशिरा सुटते एवढेच. ज्यांच्याकडे साधे यांत्रिक मार्कर आहेत अशा वाचकांनाही एक सांगतो. त्यांत बोर्डच नसल्याने डीबाउन्सचा प्रश्न नाही, पण टाकीतला दाब उतरला किंवा झडपेवर ठोका देणाऱ्या हॅमरला अडवणारा सियर झिजला की तेही एका दाबात गोळ्यांची माळ सोडतात. तिथे टाकी भरून घेणे आणि सियर पाहणे हाच उपाय.

आता फसवणुकीचा प्रश्न. १९८१मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात पेंटबॉलचा पहिला खेळ झाला, तेव्हा झाडे आणि गुरे खुणावण्यासाठी बनवलेले मार्कर वापरले गेले आणि त्यांत प्रत्येक गोळीआधी बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागे. त्या वेळी ‘दाब एक, गोळ्या तीन’ असा वाद उद्भवणेच शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनिक मार्कर आल्यावर तो इतका चिघळला की खरा दाब कोणता आणि बाउन्स कोणता हे मैदानावर सिद्ध करणे पंचांच्या हाताबाहेर गेले. शेवटी २०००च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील पीएसपी या मोठ्या स्पर्धामालिकेने रॅम्पिंगलाच मान्यता देऊन सेकंदाला १५ गोळ्यांची मर्यादा घातली, आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने दहाच्या आसपास आणली. मोजता येईल असा नियम त्यांनी पत्करला, कारण हेतू मोजता येत नव्हता. तुमच्या गटातही कोणाला तुमचा हेतू मोजता येणार नाही, तेव्हा त्याबद्दल खुलासे करत बसण्यात अर्थ नाही. माझ्या मते, दोष कळण्याआधी तुम्ही जे खेळलात ती फसवणूक नव्हती. कळल्यानंतर त्याच सेटिंगवर एखादा रविवार खेळला असाल, तर तेवढा भाग तुमच्या हिशेबी लागतो आणि तो गटापुढे एका वाक्यात कबूल करून टाकणे बरे. तुमच्या गटाने ‘सेमी, एका दाबाला एक गोळी, आणि समोरच्या संघाच्या कर्णधाराला खेळाआधी कोणताही मार्कर तपासण्याचा हक्क’ एवढे तीन शब्दप्रयोग लिहून ठेवले तर पुढचे बरेचसे वाद सुरूच होणार नाहीत.

यात केवळ नियमाचा प्रश्न नाही, हेही ध्यानात घ्या. अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार मैदानावर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर आहे. सुमारे तीन ग्रॅमची गोळी त्या वेगाने नळीतून बाहेर पडताना तिच्यात बारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. पहिली गोळी लागली की खेळाडू हात वर करतो, वळतो, मास्ककडे हात नेतो. दुसरी आणि तिसरी गोळी त्याच क्षणात येते, आणि ती कुठे लागेल हे कोणाच्याच हातात नसते. तुमच्या भाचीला लागल्या त्या गोळ्यांना बाउन्स म्हणा की आणखी काही, तिला तीन लागल्या. तिच्याकडे स्वतः जा. यंत्राचे स्पष्टीकरण तिने विचारले तरच द्या, आणि मार्कर दुरुस्त झाल्याचे सांगून तिला परत येण्याचा आग्रह करू नका; ती कधी यायचे ते ठरवेल.

राहिले दादा. तुम्ही त्यांना वाद घालून पटवायला गेलात तर ते अनुभवाचा दाखला देतील, आणि अनुभव त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त आहे. म्हणून मार्कर दुरुस्त करण्याआधी त्यांना घरी बोलवा आणि वर सांगितलेली सावकाश दाबाची तपासणी त्यांच्याच हातून करून घ्या. आधी टाकीशिवाय, मग टाकी जोडून. टिचक्या त्यांना मोजू द्या, तुम्ही काही बोलू नका. ज्याने इतकी वर्षे मार्कर हाताळले आहेत त्याला दुसरा आवाज ऐकू आल्यावर समजावून सांगावे लागत नाही, आणि ट्रिगरच्या स्क्रूंची बारीक जुळवणी बहुधा तेच तुमच्यापेक्षा चांगली करतील. ते काम त्यांच्यावर सोपवा. तरीही ते खालच्या आकड्यावर अडून राहिले, तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा, की मार्कर तुमचा आहे आणि त्यातून सुटणाऱ्या गोळीला तुम्ही जबाबदार आहात.

जुळवणी पूर्ण झाली की आकडा, तारीख आणि बॅटरी कधी बदलली ते एका चिठ्ठीवर लिहून मार्करच्या पेटीत ठेवा. तुमच्या बोर्डावर सेटिंग बंद करण्याचे कुलूप असेल तर ते लावा. आणि स्विच, स्प्रिंग किंवा बॅटरी यांपैकी काहीही बदलले की सैल पकडीची ती एक तपासणी पुन्हा करा, मैदानावर जाण्याआधी.